हळदीला सारंगी

सारंगीची खोळ मायनं तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची शिवली होती. ती कपाटावर, पितळी घंगाळाच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. माझ्या धाकट्या भावानं धुळ्याच्या देवपुरात घर बांधलं, गावातलं सगळं सामान तिकडे आणलं आणि मला फोन केला, "आक्का, काय न्यायचं ते एकदा येऊन बघून जा. मग उरलेलं मी देऊन टाकणार आहे." यावलहून सकाळची बस धरून मी धुळ्याला आले. मला वाटलं होतं पाट-परात बघावी, मायची एखादी डबी पर्समध्ये टाकावी आणि दुपारच्या बसनं परत फिरावं. खोळीची नाडी सोडली आणि गजाला लावायच्या राळेचा वास आला.

इतक्या वर्षांत राळेचा वास टिकतो का, मला माहीत नाही. पण आला. त्याच्याबरोबर बकरीच्या कातड्याचा, खोबरेल तेलाचा, आणि थोडा नानांच्या विडीचाही आला. मी तिथेच पाटावर बसून राहिले. भावजय चहा ठेवून गेली, तो गार झाला.

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्यापासून तास-दीड तासावर पांझरेच्या काठचं आमचं गाव. चार एकर कोरडवाहू, ज्वारी आणि कापूस. पण नानांना कोणी शेतकरी म्हणून ओळखत नसे. ते वही म्हणायचे. वही म्हणजे आमच्या कानबाईची गाणी. श्रावणात कानबाई बसली, नारळाला डोळे, नथ, हळदीकुंकू चढलं, घराघरांत रोटाच्या पिठाचा वास सुटला, की नानांच्या हातात डफ यायचा आणि आठ दिवस त्यांचा गळा स्वतःचा राहायचा नाही. आसपासच्या दहा गावांत त्यांच्यासारखी वही म्हणणारा नव्हता. मायला याचा अभिमान होता आणि वैतागही होता. "गाना म्हनीसन बाजरी उगती तं आपन सावकार व्हतूत," असं ती चुलीपाशी बसून म्हणायची. नाना हसायचे. त्यांना घरातलं कोणी काही बोललं की फक्त हसता यायचं.

एकदा ते डफाला कातडं बसवायला धुळ्याला गेले आणि दिवेलागणीला परतले ते डफ विसरूनच. ज्या गल्लीत गेले होते तिथे रहमतचाचा म्हणून एक म्हातारे बाजाच्या पेट्या दुरुस्त करत. जवानीत त्यांनी गाणाऱ्या बायकांच्या मागे सारंगी वाजवली होती. आता कोणी गाणारी नव्हती आणि सारंगीही कोणी मागत नव्हतं. त्या दुपारी, हातात काम नव्हतं म्हणून, ते दुकानात बसून वाजवत होते. नाना पायरीवर उभे राहिले आणि उभेच राहिले.

पुढची चार वर्षं बाजाराच्या दिवशी नाना धुळ्याला जात. जाताना टोपलीत भरताची वांगी, हिरव्या मिरच्या, हुरडा, जे निघेल ते चाचांसाठी न्यायचे. येताना बोटं सुजलेली असायची. सारंगीवर बोटांची टोकं चालत नाहीत. नखाच्या मुळाशी जी नाजूक कातडी असते, ती तातीला, म्हणजे आतड्याच्या तारेला, बाजूनं लावून सरकवायची. नानांची डाव्या हाताची नखं मुळाशी काळी पडली, तिथे घट्टे आले. कापूस वेचताना बोंडाचं टोक लागलं की ते हात झटकायचे आणि माय म्हणायची, "घ्या, आनखी शिका." सुरुवातीला सारंगी चाचांचीच होती. मग एका दसऱ्याला चाचांनी ती खोळीसकट नानांच्या खांद्यावर अडकवली. "मेरे हात अब काँपते हैं भाई. और बेटे के पास दूसरी है. ये तुम ले जाओ. एक बात याद रखो, ये बाजा गले के पीछे चलता है. आगे कभी नहीं."

ही सारंगी मी आता मांडीवर घेऊन बसले होते. तीन जाड ताती, त्यांच्या खाली पस्तीसेक बारीक तारा. निम्म्या तुटलेल्या, उरलेल्या गंजलेल्या. लहानपणी मी विचारलं होतं, इतक्या तारा कशाला? नाना म्हणाले होते, "ह्या तीन वाजतस, बाकीन्या बठ्ठ्या आयकतस." आणि खरंच, वरची तात वाजली की खालच्या तारा आपापल्या गुणगुणायच्या. आमच्या घरातही तेच चालायचं. एक माणूस बोलायचा, बाकीचे मनातल्या मनात.

नाना पहाटे वाजवायला बसायचे. अंगणात शेणाचा सडा ओला, गोठ्यात गाय हलते आहे, बंबातल्या धुराचा वास, आणि पडवीतून तो आवाज. मला तो रडका वाटला नव्हता कधी. मला तो घसा खाकरून बोलायला लागलेल्या माणसाचा वाटायचा. पण मग ती थंडी आली, ज्या थंडीत रेडिओवर कितीतरी दिवस सारंगीच वाजत राहिली. मोठी माणसं गेली की रेडिओवर गाणी बंद होतात, हे आम्हाला माहीत होतं. पण इतके दिवस, सकाळ-संध्याकाळ, तीच एक सारंगी! लोक पारावर रेडिओभोवती डोक्याला मफलर गुंडाळून गप्प बसलेले असायचे. तेव्हापासून गावानं ठरवून टाकलं की हे मरणाचं वाजं.

आमच्या शेजारी जनाआक्का राहायची. वय सत्तरीच्या पुढे, कानाला तिखट. नानांनी पहाटे गज ओढला की पाच मिनिटांत तिची काठी आमच्या अंगणात. डोक्यावरून पदर घेतलेला, चेहरा आधीच उतरलेला.

"कोन गयं रे भाऊ?"

"कोनी नही गयं, आक्का. हाऊ भैरव शे."

"कोनता भैरव? खालनी गल्लीना?"

नाना गज खाली ठेवून हसायचे. माय आत तोंडाला पदर लावायची. जनाआक्का मात्र हसायची नाही. जाताना दारात थांबून म्हणायची, "लेकरंबाळंना घरमा असं वाजाडू नही रे." असं एक दिवस झालं नाही, पुष्कळ दिवस झालं. श्रावणात नानांनी सारंगी कानबाईपुढे न्यायचं म्हटलं तेव्हा जाणत्या मंडळींनी हात जोडले. देवीपुढे डफ वाजव, ते नको. लग्नात नेतो म्हणाले तर लोकांनी हातही जोडले नाहीत, सरळ दुसरा वाजवणारा बघितला.

नानांना राग येत नसे, पण हट्ट होता. एवढ्या मवाळ माणसात तो हट्ट कुठे बसला होता कोण जाणे. ते म्हणायचे, "हाऊ बाजा मरनाना नही शे. त्याले आजलोंग कोनी हळदले बलावंच नही. बलावाशिवाय कोन येस?" आणि त्यांनी ठरवलं की आपणच त्याला हळदीला न्यायचं.

मी तेव्हा देवपुरात बारावीला होते, मामाकडे राहून. सुट्टीत घरी आले तर नानांनी एक गाणं जुळवून ठेवलेलं. चाल आमच्या बायकांच्या हळदीच्या गाण्यांसारखीच, सोपी, जात्यावर म्हणावी अशी. 'हाई कशी हळद वं माय, धोयी धोयी जाये ना.' सासरी गेलेली पोर नदीवर हात धुते आणि माहेरची हळद काही जात नाही, एवढंच त्यात. नाना म्हणाले, तू म्हण. मी म्हटलं, मी काय गाणारी आहे? ते म्हणाले, "म्हनूनच म्हन. ओळ संपनी की दम खाय. मी येस मांगून."

आणि ते यायचे. मी ओळ सोडली की माझाच सूर उचलून, थोडा वाकवून, माझ्या मागे ठेवायचे. मला वाटायचं आपण घरातून बाहेर पडलो आणि कोणीतरी दारातून हाक मारतंय. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी पुढची ओळच विसरले. नानांनी गज थांबवला नाही. मला आठवेपर्यंत ते तीच हाक मारत राहिले.

धुळ्यात एक रेडिओ-टेपचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत मालक कॅसेटी भरायचे. दिलीपशेठ त्यांचं नाव. भिंतींना गाद्या लावलेल्या, खिडकीला गोधडी ठोकलेली. मे महिना. आवाज येतो म्हणून पंखा बंद. ढोलकीला नानांचे जुने जोडीदार सुकदेवभाऊ. उकाड्यानं ताती सैल व्हायच्या, नाना त्या चढवायचे, आम्ही सुरू करायचो, त्या पुन्हा उतरायच्या. एकदा तर नाना खुंट्या पिळत राहिले तेवढ्या वेळात सुकदेवभाऊ ढोलकीवर डोकं ठेवून झोपून गेले. दिलीपशेठ घाम पुसत म्हणाले, "नाना, माझं ऐका, बँजो घ्या, कॅसिओ घ्या. हे वाजलं की लोक टेप बंद करतील. म्हणतील कोणाकडे काही झालं का?"

"एक डाव आयकी ल्या," नाना म्हणाले. "मंग बंद करा."

दिलीपशेठनी ऐकलं आणि बंद केलं नाही. एवढंच म्हणाले, "माझ्या बहिणीची आठवण आली हो." त्यांची बहीण नंदुरबारला दिलेली होती. त्यांनी उठून खिडकीवरची गोधडी काढली आणि आम्हा सगळ्यांना लिंबू सरबत पाजलं.

त्यानंतर जे झालं ते सांगताना मला आजही थोडं फुशारल्यासारखं होतं, त्याला इलाज नाही. ते गाणं चाललं. शिरपूरपासून चोपड्यापर्यंत असा हळदीचा मांडव उरला नाही जिथे ते वाजलं नाही. चहाच्या टपऱ्यांवर, वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये, कापसाच्या जिनिंगमध्ये. मी देवपुरातून कॉलेजला चालत जायचे आणि एखाद्या गच्चीवरून माझा आवाज यायचा, मागोमाग नाना यायचे. लोक नानांना बोलवायला लागले. कॅसेट नको, तुम्हीच या, आणि ते वाजं आणा. तीन उन्हाळे नाना सारंगी घेऊन हळदी फिरले. वरण-बट्टीचा, घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास त्यांच्या सदऱ्यालाच लागून गेला. खोळीवर पिवळे डाग पडले. बायका हळदीचे हात घेऊन जवळ यायच्या, बघू बघू म्हणत खोळीला हात लावायच्या. माय ती धुवायला निघाली तर नानांनी धुऊ दिली नाही. जनाआक्काही आता पहाटे येऊन ओट्यावर बसायची आणि म्हणायची, "ते हळदनं वाजाड ना भाऊ." त्या तीन वर्षांत मी नानांना जेवढं सुखी पाहिलं तेवढं आधी नाही आणि नंतर तर नाहीच.

मग माझं लग्न ठरलं. यावलचं घर, केळीच्या बागा, मुलगा सरकारी नोकरीत. माणसं चांगली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कोणी त्यांच्यावर ठपका ठेवेल. सोयरीक माझ्या देवपुरातल्या मामांनी जुळवली होती. लग्नाला दहा-बारा दिवस राहिले असतील. मामा आले, नाना शेतात होते, माय शेजारी पापड लाटायला गेलेली. मामा मला पडवीत घेऊन बसले.

"एक अडचण आहे बेटा. तिकडची आजेसासू अंथरुणाला खिळलीय. आज आहे, उद्या नाही. चुलतसासूबाई म्हणतात, मांडवात सारंगी नको. त्या वाद्यानं मनात पाल चुकचुकते. कॅसेट लावा म्हणे, काय लावायचं ते लावा, समोर बसून ते वाजवू नका. आता हे मी तुझ्या बापाला कसं सांगू?"

मामा पुढे म्हणाले, "त्यांनी ऐकलं तर ते गप्प बसतील असं वाटतं तुला? तुझे नाना कोणाला काही बोलत नाहीत, पण या एका गोष्टीवर ते मांडव मोडतील."

ते खरं होतं. नाना मोडतील हे मलाही माहीत होतं. आणि मला ते लग्न हवं होतं. हे इतकी वर्षं मी कोणाला म्हटलेलं नाही. मुलगा मला आवडला होता. एकदाच बघितला होता, पण आवडला होता. मी मामांना म्हटलं, तुम्ही काही बोलू नका, मी सांगते.

संध्याकाळी नाना सारंगीला नव्या ताती चढवत होते. माझ्या हळदीसाठी. महिनाभर चाललं होतं त्यांचं. चाचांच्या मुलानं, यूसुफभाईनं, चांगल्या ताती मिळवून दिल्या होत्या. मी समोर बसले. सासरचं नाव घेतलं तर मांडव मोडतो. म्हणून मी माझं नाव घेतलं.

"नाना, मनी हळदले सारंगी नका वाजाडू."

ते हसले. त्यांना चेष्टा वाटली. "कसाले?"

"माले नको शे."

"तुले नको शे?"

"लोके म्हनतस ना, मरनानं शे. माले भ्याव वाटस."

मला वाटलं होतं ते रागावतील, समजावतील, मी थोडी रडेन, ते ऐकतील. त्यांनी काहीच केलं नाही. हातातल्या तातीकडे बघत राहिले. ती अर्धी चढली होती. मग त्यांनी खुंटी उलटी फिरवली आणि तात उतरवून तिचं वेटोळं केलं. "बरं," म्हणाले. खोळ आणली, सारंगी आत घातली, नाडी बांधली. मला म्हणाले, "जेवनं का तू?"

हळदीला त्यांनी डफ वाजवला. चांगला वाजवला, नाचलेसुद्धा. भोंगेवाल्याच्या पेटीत आमची कॅसेट होती, ती त्यांनी स्वतः काढून खिशात घातली. मामा म्हणाले, "अहो, कॅसेटला कोणाचं काही म्हणणं नाही." नाना म्हणाले, "नही भाऊ. पोरले आवडत नही." मी पाटावर बसलेली, अंगभर हळद, हात हलवायचा नाही. मला तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मी उठले नाही.

यावलला गेल्यावर पहिल्या वर्षातच दिराचं लग्न निघालं. हळदीला तीच कॅसेट लागली. आजेसासू तोवर उठून बसायला लागली होती, तिला खाटेवर टेकवून मांडवात आणलं होतं. आणि ज्यांनी सारंगी नको म्हटलं होतं त्या चुलतसासूबाई पदर खोचून नाचत होत्या. मला ओढून म्हणाल्या, "तुहाच आवाज ना व हा? आणि मागे ते काय वाजतं? किती गोड वाजतं व!" मी म्हटलं, सारंगी. त्यांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असेल. त्या नाचत राहिल्या.

नानांनी मात्र नंतर खोळ सोडलीच नाही. पुढच्या वर्षी दिवाळीला माहेरी गेले होते, मी आत लेकराला पाजत होते. सुकदेवभाऊ आले होते, कुठल्या तरी लग्नाचं बोलावणं घेऊन. पडवीतलं सगळं आत ऐकू येत होतं.

"आते नही रे सुकदेव," नाना म्हणत होते.

"अरे लोके वाट दखतस."

"घरनी पोरले भ्याव वाटस त्याना. मंग दुसरानी पोरना मांडोमा कसाले लयी जावानं?"

मी लेकराला खाली ठेवलं. दारापर्यंत गेले. नाना विडी पेटवत होते. मला बघून म्हणाले, "झोपनं का लेकरू?" मी म्हटलं, हो. आणि परत आत आले.

का आले परत, याची कारणं मी पुढे पुष्कळ शोधली. सांगितलं तर सासरचं नाव येईल, ते कोणाला तरी बोलतील, माझा संसार आता कुठे लागतोय. दरवर्षी वाटायचं, या खेपेला सांगू. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यायचे, झोका, आंबे, सांजोऱ्या, मायचं गाऱ्हाणं, नानांचं केळीच्या भावाबद्दल विचारणं, यात चार दिवस जायचे आणि बस लागायची. नाना स्टँडवर सोडायला यायचे. खिडकीशी उभे राहून म्हणायचे, "जपीसन जाय." तेवढं खरं सांगायला मला सहा वर्षं पुरली नाहीत. यावलच्या रस्त्याला बस वळली की मी स्वतःला इतक्या शिव्या द्यायचे की शेजारची बाई माझ्याकडे बघायची.

भावानं मघाशी दारातून डोकावून विचारलं, "नेतेस का ती?" मी म्हटलं, थांब जरा. तो म्हणाला, "तुलाच तर ती आवडत नव्हती." सहज म्हणाला. त्यालाही तेच माहीत आहे. सगळ्या गावाला तेच माहीत आहे.

नाना वैशाखात गेले. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला होता, नानांना बरं नाही, निघ. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. चोपड्यापर्यंत मी त्यात मामांना आणलं, अमळनेरपर्यंत काढून टाकलं. शेवटी एकच वाक्य ठेवलं. नाना, मी तेव्हा खोटं बोलले. गावात उतरले, गल्लीत वळले, तर आमच्या दारापुढे चपलाच चपला होत्या.

दुपारी धुळ्याहून यूसुफभाई आले. रहमतचाचा दोन वर्षांपूर्वीच गेलेले. यूसुफभाईंच्या खांद्यावर त्यांची स्वतःची सारंगी होती. ते नानांच्या पायाशी बसले, मग जाणत्यांना म्हणाले, "इजाजत हो तो रास्ते में बजाऊँगा. अब्बा के शागिर्द थे." सगळ्यांनी माना हलवल्या. वाजू द्या, एवढा कलावंत माणूस, सारंगीवरच जाऊ दे. सुकदेवभाऊ तर रडायलाच लागले. थोरली पोर म्हणून कोणीतरी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "नको."

यूसुफभाईंना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "नको भाई. त्यांच्या मयतीला सारंगी नको." जन्मभर नाना एवढ्याचसाठी भांडले. त्यांच्याच तिरडीपुढे ती वाजली असती तर गाव म्हणालं असतं, बघा, आम्ही सांगत होतो. हे मला नीट सांगायचं होतं, पण तोंडातून तेवढंच निघालं. यूसुफभाईंनी मान खाली घातली. मागे एक बाई दुसरीला म्हणाली, "बापना मरनलेबी वाजू देत नही. केवढी तेढ शे पोरले." मायनं माझ्याकडे बघितलं. टाळ आणि डफ वाजवत नानांना नेलं.

आमच्यात बायका नदीवर जात नाहीत. आम्ही ओट्यावर उभ्या राहिलो. तिरडी वळणापलीकडे गेली, टाळांचा आवाज कमी झाला, आणि तेव्हा नाल्यापलीकडून गाणं ऐकू आलं. तिकडच्या वस्तीत हळद होती. त्यांना बिचाऱ्यांना कळलंच नसेल. 'हाई कशी हळद वं माय.' माझा अठरा वर्षांचा आवाज, आणि मागून नाना. दोन ओळी झाल्या आणि गाणं मध्येच बंद पडलं. कोणीतरी जाऊन सांगितलं असणार, मयत चाललीय, बंद करा.

मी ओट्यावरून उतरले. माय म्हणाली, "कोठे चालनी?" मी थांबले नाही. पायात काही नव्हतं, फुफाटा तापलेला. नाला ओलांडून मांडवाशी गेले तर हळदीचा आणि तेलाचा वास, पिवळ्या हातांच्या बायका, मध्ये पाटावर नवरी. माझे सुटलेले केस, रडून सुजलेलं तोंड बघून नवरीची आई धावत पुढे आली आणि तिनं दोन्ही हात आडवे केले.

"ताई, तुम्ही आठे येऊ नका. पोरले हळद लागेल शे."

"नही येस. आठेच उभी ऱ्हासू. ते गानं बंद कयं ना, ते लावा."

"गावमा मयत शे. कसं वाजाडानं?"

"मयत मना बापनी शे. त्या गानामा तोच वाजाडी ऱ्हायना."

ती बाई हळूच म्हणाली, "पन सारंगी शे ना ती. आजना दिन..."

"हळदनीच शे ती," मी म्हटलं. "मरनानी नही शे. मी त्यास्ले खोटं सांगं व्हतं." तिला यातलं काय कळणार? पण मी तिलाच सांगितलं. सहा वर्षं जे बसमध्ये घोकलं ते एका अनोळखी बाईला, तिच्या मांडवाच्या दारात सांगितलं. म्हटलं, "आनि त्या कर्ण्यानं तोंड नदीकडे करा."

तिनं मागे वळून नवऱ्याला हाक मारली. नवरीचा बाप खाटेवर चढला. कर्णा लिंबाच्या फांदीला सुतळीनं बांधलेला होता, गाठी घट्ट बसलेल्या. त्या सोडायला त्याला वेळ लागत होता. कोणीतरी विळा दिला. त्यानं सुतळी कापली, कर्णा दोन्ही हातांनी धरला, नदीकडे वळवला आणि तसाच धरून उभा राहिला. गाणं पहिल्यापासून लावलं. पूर्ण आवाजात. बायका आधी कावऱ्याबावऱ्या झाल्या, मग एका म्हातारीनं नवरीच्या गालाला हळद लावली. मी रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभी राहून सगळं गाणं ऐकलं.

संध्याकाळी माणसं नदीवरून परतली, दारात पाण्याची बादली ठेवली होती तिथे पाय धुऊ लागली. सुकदेवभाऊ सगळ्यांत शेवटी आले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तिथे गाणं ऐकू आलं का?

"उनं ना पोरी," ते म्हणाले. "चांगलं उनं. बठ्ठास्नी आयकं."

मी विचारलं, तेव्हा अग्नी दिला होता का?

सुकदेवभाऊंनी तांब्या खाली ठेवला. पायावरचं पाणी हातानं निपटत राहिले.

"दिधा व्हता," ते म्हणाले. "नुकताच दिधा व्हता."